उंबरपाड्याचा सोमनाथ पवार

पळसखेडे,
६ ऑक्टोबर

चि. सोमनाथ,

तुझा फोन बंद लागायला लागला तेव्हाच कळलं, तू पुन्हा वरच्या चौकीवर गेलास. तिथे फोन नेऊ देत नाहीत हे आता आरोहीलाही पाठ झालंय. शाळेत कुणी विचारलं की ती सांगते, "पप्पा वर गेलेत." तिच्या नव्या बाईंनी सायलीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कधी झालं हे?" सायलीने मला फोनवर हे हसत हसत सांगितलं. मग हसणं थांबलं.

आता गावची बातमी. बसस्टँडसमोरच्या चौकात सैनिक स्मारक होतंय. सुभेदार सहादूकाका बोरस्ते अध्यक्ष, आणि मी शाळेतली बाई म्हणून लिहिण्या-वाचण्याचं सगळं काम माझ्या गळ्यात. काळा दगड आलाय, पुरुषभर उंचीचा. डावीकडे लढाईत गेलेले, उजवीकडे लढून परत आलेले आणि सध्या नोकरीत असलेले. डावीकडे तीनच नावं आहेत: एक पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेला, एक बासष्टचा, एक एकाहत्तरचा. उजवी बाजू मात्र गच्च भरलीय. त्यात तुझंही नाव आहे. सव्वीस जानेवारीला उद्घाटन.

एका गोष्टीवरून मात्र वाईट वाटलं. सायली आरोहीला घेऊन सातपूरहून आली होती, तिला कौतुकाने दगड दाखवायला नेलं. तिने डावीकडे तीन नावांच्या खाली सोडलेली मोकळी जागा पाहिली आणि काकांना विचारलं, "ही कशाला ठेवलीय?" काका म्हणाले, "पुढं लागली तर, पोरी." त्यांच्या मनात काही नव्हतं. पण ती तिथूनच वळली आणि जेवायलाही न थांबता मिळेल त्या बसने निघून गेली.

तिला दोन ओळी लिही. अप्पा बरे आहेत. द्राक्षाची छाटणी उरकली. रोज चौकात जाऊन पाथरवटाशेजारी बसतात आणि तुझ्या नावातला एखादा काना-मात्रा चुकत नाही ना, ते बघतात.

तुझी,
ताई


२७ ऑक्टोबर

ती. ताईस,

पत्र मिळालं. सायलीला वेगळं लिहिलंय. तुला स्पष्ट सांगतो, काकांच्या मागे लागून ती जागा भरून घे. वेलबुट्टी कोरा, नाहीतर तिरंगा कोरा. रिकामी जागा दिसली की माणसं ती भरायला बघतात. माझं नाव उजवीकडे राहू दे. अप्पांना बरं वाटतंय तर वाटू दे.

इथली एक गंमत सांगतो. आमच्या चौकीवर सोमनाथ पवार दोन आहेत, आणि दोघंही नाशिक जिल्ह्याचे. दुसरा सुरगाण्याकडच्या उंबरपाड्याचा. आपल्या चौकातूनच त्याच्या गावाकडची जीप जाते. वयाने बराच लहान आहे. त्याच्या आईने पाठवलेलं नागलीच्या पापडांचं पार्सल माझ्या हातात पडलं. मी फोडलं, शेकोटीवर भाजून अर्धे संपवले, मग कळलं. तो म्हणाला, "खा की दादा. आईला वाटंल सोमनाथनंच खाल्ले." तेव्हापासून मी थोरला आणि तो धाकटा. त्याला वडील नाहीत. आई चिमणाबाई, भाताची कामं आटोपली की आपल्याकडच्या मळ्यांत मजुरीला येते म्हणे. अप्पांनी तिला पाहिलंही असेल.

इकडे थोडी गडबड वाढलीय. काळजीचं कारण नाही. पत्राला उशीर झाला तर वाट बघत बसू नका.

तुझा,
सोमनाथ


पळसखेडे,
१९ नोव्हेंबर

सोमनाथ,

हे पत्र तुला मिळेल की नाही, मला माहीत नाही. तरी तुलाच लिहिते.

काल दुपारी टीव्हीवर खाली पट्टी फिरली. "सीमेवरील गोळीबारात नाशिक जिल्ह्यातील जवान सोमनाथ पवार शहीद." गावाचं नाव नाही, फोटो नाही. बघता बघता दुकानांची शटरं खाली आली. संध्याकाळी बसस्टँडवर तुझा फलक लागला. तुझ्या लग्नातलाच फोटो आहे, मागे तिरंगा जोडलाय. शेजारी सायली होती, तिला कापलंय. तिचा खांदा तेवढा राहिलाय.

मी भेटेल त्याला सांगतेय की तिथे दोन सोमनाथ पवार आहेत. सैनिक कार्यालयात फोन केला. ते म्हणाले, "आमच्याकडे अजून अधिकृत काही आलेलं नाही, थांबा." मी धावत जाऊन काकांना सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "पोरी, एकाहत्तरनंतर मी निरोप घेऊन घरोघर फिरलोय. ज्या घरी गेलो तिथं हेच ऐकलं. नावात काहीतरी चूक असेल म्हणायचे."

आज सकाळी छिन्नीचा आवाज शाळेपर्यंत आला. उद्या मोठी मोठी पुढारी माणसं येणार, म्हणून डाव्या बाजूला तुझं नाव घ्यायचं ठरलं. कुणी ठरवलं, ते कुणी सांगत नाही. मी वर्ग सोडून गेले आणि दगडासमोर उभी राहिले. "अधिकृत कळल्याशिवाय एक अक्षर कोरायचं नाही," म्हटलं. पाथरवट थांबला. एकदा माझ्याकडे बघे, एकदा काकांकडे. तेवढ्यात अप्पा आले. मला वाटलं, आता अप्पा माझ्या बाजूने बोलतील.

ते म्हणाले, "हर्षाली, बाजूला हो. कोरू दे त्याला."

"अप्पा, अजून काही कळलेलं नाही."

"सगळं गाव माझ्या दारात येऊन रडून गेलं. त्यांना काय सांगू, थांबा म्हणून?"

मी बाजूला झाले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता म्हणून झाले, पटलं म्हणून नाही.

सायली इकडे यायला तयार नाही. "तुम्ही नाव कोरलंत तर तुमच्या गावात पाय ठेवणार नाही," म्हणाली आणि फोन ठेवला. तिने टीव्हीची वायर काढून टाकलीय आणि आरोहीला शाळेत पाठवलेलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुलाच लिहू शकते. कालपासून देवासमोर बसले की मी एकच मागते. तो दुसरा असू दे. उंबरपाड्याचा असू दे. त्याचा चेहरा मी पाहिलेला नाही. त्याला आई आहे हे मला माहीत आहे, तिचं नावसुद्धा माहीत आहे. तरी मागते. दुसरं काही मागायला सुचत नाही.

जिथे असशील तिथून कळव.

ताई


२७ नोव्हेंबर

ती. ताईस,

मी आहे. त्या दिवशी फोनवर अप्पांशी नीट बोलता आलं नाही, लाइन खराब होती. म्हणून लिहितो.

धाकटा गेला. गोळे पडायला लागले तेव्हा आम्ही बंकरात होतो. तो दाराच्या बाजूला होता. यापुढचं पत्रात लिहिता येणार नाही.

मी व्यवस्थित आहे. थोडं खरचटलंय.

तुझं पत्र इथे फिरत फिरत पोचलं. तू देवाकडे जे मागितलंस ते मनाला लावून घेऊ नकोस. सायलीनेही तेच मागितलं, तिने तसं लिहिलंय. इथे दोन सोमनाथ आहेत हे त्याच्या आईला कळलं असतं तर तिनेही मी जावं असंच म्हटलं असतं. त्यात तिचं काही चुकलं नसतं.

मला एवढंच कळव. त्याला नेणारी गाडी आपल्या चौकातूनच गेली असणार. तेव्हा काय झालं? आपल्याकडून उंबरपाड्याला कुणी गेलं का?

तुझा,
सोमनाथ


पळसखेडे,
७ डिसेंबर

चि. सोमनाथ,

आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. तुझ्या पाकिटाच्या कोपऱ्यात चौकीचा पत्ता नाही, लष्करी रुग्णालयाचा आहे. अप्पांनी फोनवर "जेवलास का?" विचारलं तर तू म्हणालास, "हो, थंडी फार आहे." लाइन खराब नव्हती. आम्हाला तुझा शब्द न् शब्द ऐकू येत होता. काय लपवतोयस ते सरळ लिही, नाहीतर सायली तिकीट काढून तिथे येईल.

आता तू विचारलंस त्याचं.

पुढारी आदल्या दिवशी येऊन गेले होते. भाषणं झाली, तुझ्या नावाच्या घोषणा झाल्या, पोरांचे घसे बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन आला आणि गावाचा रंगच पालटला. फटाके काय, पेढे काय. अप्पांना खांद्यावर उचलून चौकात नेलं. फलक तसाच होता. "भावपूर्ण श्रद्धांजली" एवढ्या ओळीवर कुणीतरी कागद चिकटवला होता.

त्या गर्दीत लष्कराची गाडी आली. फुलांनी मढवलेली, सावकाश चालणारी. लोक पेढ्यांचे पुडे हातात घेऊन दोन्ही बाजूंना सरकले. ती कुणाची गाडी आहे हे आधी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मग एकेकाच्या आलं. वर तुझा हसरा फोटो आणि खालून ती गाडी. एकाच्याही तोंडून घोषणा निघाली नाही. गाडी थांबली नाही. सुरगाण्याच्या रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. मला म्हणाले, "चल." आम्ही जीप करून मागोमाग गेलो. गावातून आम्ही दोघंच.

उंबरपाड्याला डोंगराच्या उतारावर माणसं बसली होती, सगळी आजूबाजूच्या पाड्यांवरची. लष्कराचे जवान होते, तहसीलचे एक साहेब होते. मोठं असं दुसरं कुणी नव्हतं. अप्पांनी चिमणाबाईला लगेच ओळखलं. गेल्या हंगामात शेजारच्या मळ्यात ती द्राक्षाच्या विरळणीला होती. अप्पा तिच्यासमोर खाली बसले. नावावरून आपल्या घरी काय समज झाला होता ते तिला कळलेलं होतं. तिनेच विचारलं, "तुमचा बरा हाय ना?"

मी तिथून उठून जीपमागे जाऊन उभी राहिले.

आणि आता नवीनच सुरू झालंय. परवा समितीची बैठक झाली. तुझं नाव खोडलं तर दगडात खड्डा पडणार, आणि उद्घाटन तोंडावर आलेलं. कुणीतरी म्हणालं, "नाव तर तेच आहे. खाली 'उंबरपाडा' एवढं कोरलं की झालं." काकांना ते एकदम पटलं. मनापासून पटलं. "त्या पोराला मान मिळेल आणि दगडही शाबूत राहील," म्हणाले. यात काय चुकतंय ते मला चटकन सांगता आलं नाही. पण मी ठरावावर सही केलेली नाही. माझ्याशी आता तिथे कुणी धड बोलत नाही.

तुला काय वाटतं?

तुझी,
ताई


१८ डिसेंबर

ती. ताईस,

डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही. उजव्याने थोडं येतं, समोरच्याचं तोंड दिसत असेल तर जास्त येतं. खांद्यातून तुकडे काढलेत, ती जखम भरतेय. मी त्याच बंकरात होतो, त्याच्या मागे. आजच सायलीलाही सगळं लिहिलंय. डॉक्टर म्हणतात, कानाचं सहा महिन्यांनी बघू.

आता नावाचं. ताई, मला राग आलाय आणि तो पत्रात दिसला तरी चालेल. दगडावरचं ते नाव माझं आहे. ते कोरलं तेव्हा गाव माझ्यासाठी रडलं. त्याची गाडी आली तेव्हा गावाकडे रडू उरलं नव्हतं. आणि आता माझं वापरून झालेलं नाव त्याला द्यायचं? इथे तो माझे मोजे घालायचा, माझ्या ताटात जेवायचा. ते निराळं, सोबतच्यांत तसं चालतं. हे चालणार नाही. त्याला त्याचं नाव पाहिजे, पहिल्या अक्षरापासून त्याच्यासाठी कोरलेलं. दगड बिघडला तर बिघडू दे.

आणि त्याच्या आईला विचारलं का कुणी? की तेही आपणच बैठकीत ठरवणार? तिच्या घरी जा. काकांना घेऊन जा. हे पत्र सगळ्यांसमोर वाचलंस तरी माझी हरकत नाही.

जानेवारीच्या मध्यावर मला घरी सोडतील असं दिसतंय.

तुझा,
सोमनाथ


पळसखेडे,
११ जानेवारी

चि. सोमनाथ,

तुझं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर बाकीचे कागद चाळत बसले. काका मात्र भडकले. "हा दगड मी उभा केला. एका पोराच्या रागापायी त्याला टोचे मारू देणार नाही." मी म्हटलं, "मग तुम्ही माझ्यासोबत चला, आणि चिमणाबाईंनाच विचारा." ते लगेच तयार झाले. ती हात जोडेल, उपकार मानेल, याची त्यांना खात्री होती.

उंबरपाड्याला तिने आमचं सगळं ऐकून घेतलं. काकाच बोलत होते. नाव कोरलेलं आहे, त्याखाली गावाचं तेवढं कोरायचं, एवढंच त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, "मी येऊन बघते."

गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, ती जीपने आली. सोबत तिचा भाऊ काळू. चौक माणसांनी भरलेला. ती दगडासमोर उभी राहिली तशी भाजीवालेसुद्धा उठून आले. तिला वाचता येत नाही. "माझ्याचं कंचं?" तिने विचारलं. काकांनी तिचा हात धरून डावीकडच्या चौथ्या नावावर टेकवला. "हे बघा, हे. याच्या खाली तुमच्या गावाचं नाव येईल."

ती अक्षरांवरून बोटं फिरवायला लागली. सावकाश, एकेका अक्षराच्या खाचेतून. आणि सोमनाथ, मला वाटलं गप्प बसावं. तिच्या हाताला एवढं लागलंय तर लागू द्यावं. भोवतीचा प्रत्येक माणूस माझ्याकडेच बघत होता, मी गप्प बसते का म्हणून.

अप्पा बोलले. "बाई, ते माझ्या पोराचं आहे. चुकून कोरलं. कोरू दे म्हणणारा मीच."

तिने चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. काकांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता ती निघून जाणार, आणि पुन्हा या गावाचं तोंड बघणार नाही. ती अप्पांकडे वळली.

"तुमचा जिता हाय ना?"

"हाय."

"मंग मेल्यांच्यात कशाला ठेवला त्याला इतके दिस? पुसा ना ते. आधी ते पुसा. माझ्याचं मागून बघा."

पाथरवट काकांच्या तोंडाकडे बघत राहिला. काका पुढे झाले, त्याच्या हातातली छिन्नी आणि हातोडी घेतली, आणि पहिला घाव त्यांनी स्वतः घातला. दुसरा घाव भलतीकडेच बसला. मग पाथरवटाने हळूच त्यांच्या हातातून हातोडी काढून घेतली. शेवटचं अक्षर जाईपर्यंत चिमणाबाई उन्हात उभी होती. दगडाला चांगला ओबडधोबड खड्डा पडलाय. बसमधून उतरलं की आधी तोच दिसतो.

काकांनी विचारलं, "आता तुमच्या पोराचं कुठं घेऊ?" पहिल्यांदाच त्यांनी कुणाला काही विचारलं असेल.

"त्याच्यावर नको. बाजूला घ्या. आन् आधी गावाचं नाव टाका, मंग त्याचं. परत कुणाच्या घरी चुकीचा सांगावा जायला नको."

तसंच केलंय. "उंबरपाडा. सोमनाथ पवार." तो आपल्या गावचा नाही, असं कुणी म्हणालं नाही. काल सायली आली होती. तिने सगळा दगड वाचला, नंतर काकांच्या घरी जाऊन चहा घेतला. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही.

चिमणाबाईला मी जीपपर्यंत सोडायला गेले. तिने विचारलं, "तुमचा भाऊ कवा येतोय?" मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. ती म्हणाली, "त्याला आधी माझ्याकडं धाडा. साहेब येऊन सांगून गेले. पर ते समद्यांना सांगत असतील तसंच सांगितलं. तुमचा भाऊ तर माझ्या पोराच्या जवळ होता ना?"

मी सांगितलं की त्याला आता नीट ऐकू येत नाही, त्याच्याशी बोलणं अवघड जाईल.

"नसंल येत तर नसू दे," ती म्हणाली. "मला कुठं बोलायचं हाय? मला त्याचं ऐकायचं हाय."

तुला उतरवून घ्यायला आम्ही सगळे चौकात येणार होतो. आरोहीने तर फुलंही सांगून ठेवली होती. मी सगळ्यांना एक दिवस थांबायला सांगितलंय, आणि सायलीही हो म्हणाली. तेव्हा इथे उतरू नकोस. त्याच गाडीने पुढे उंबरपाड्याला जा. ती काय विचारेल ते मला माहीत नाही. तिला जे झालं ते सांग.

तुझी,
ताई